तातडीच्या विभागात बाळाच्या नाकातला स्वॅब : विषाणूंची झटपट तपासणी नेमकी कोणासाठी?

रातपाळी (धागाकर्ता)

करोनाच्या साथीनंतर ताप-खोकल्याचे मूल घेऊन तातडीच्या विभागात येणाऱ्या पालकांच्या मागण्यांत एका नव्या मागणीची भर पडली आहे. पूर्वी 'एकदा रक्त तपासून घ्या' किंवा 'एक्स-रे काढूनच टाका' असे म्हणत; आता 'सगळ्या व्हायरसची टेस्ट करून टाका, म्हणजे डोक्याला ताप नको' असे म्हणतात. यात पालकांचे काही चुकते असे मला वाटत नाही. मे २०२१ मध्ये पुण्याच्याच मायलॅब कंपनीच्या घरी वापरायच्या करोना किटला आयसीएमआरची मान्यता मिळाली आणि अडीचशे रुपयांत, पंधरा मिनिटांत उत्तर मिळू शकते हे घराघरांत ठाऊक झाले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या दोन तान्ह्या बाळांमध्ये एचएमपीव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू सापडल्याच्या बातम्या वाहिन्यांवर दिवसभर चालल्या. हा विषाणू २००१ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला असला तरी तो त्याच्या कितीतरी आधीपासून माणसांत आहे आणि आपल्याकडेही फिरत असतो, हे कोणी शांतपणे सांगेपर्यंत बालरोगतज्ज्ञांचे फोन वाजू लागलेले होते.

'झटपट तपासणी' या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी चालतात, हे आधी स्पष्ट केलेले बरे. पहिली पट्टीची, म्हणजे अँटिजेन तपासणी. तिला यंत्र लागत नाही, ती स्वस्त आहे आणि ती विषाणूचे प्रथिन शोधते. दुसरी कार्ट्रिजवरची जनुकीय तपासणी, जिचे यंत्र क्षयरोगाच्या निदानामुळे आपल्याकडे अनेक सरकारी रुग्णालयांत पोचलेले आहे. ती फ्लू, आरएसव्ही (तान्ह्या बाळांत घरघर आणि धाप लावणारा विषाणू) आणि करोना यांचे उत्तर साधारण अर्ध्या-पाऊण तासात देते. तिसरे मोठे पॅनेल, ज्यात एकाच नमुन्यातून वीसेक विषाणू-जिवाणू एकदम शोधले जातात आणि ज्याचे खासगी रुग्णालयातले बिल बहुधा पाच आकडी असते.

या तपासण्यांमागची अपेक्षा अगदी तर्कशुद्ध होती. तापाचे कारण विषाणू आहे हे डॉक्टरला अर्ध्या तासात कळले तर तो प्रतिजैविक (अँटिबायोटिक) लिहिणार नाही, रक्त काढणार नाही, एक्स-रे मागवणार नाही आणि मूल लवकर घरी जाईल. अमेरिकेतल्या अलाबामामधल्या बर्मिंगहॅम येथे झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फ्लूपुरते जवळजवळ असेच घडले. ज्या डॉक्टरांना फ्लूचा रिपोर्ट आधी हातात मिळाला, त्यांनी तपासण्या आणि प्रतिजैविके दोन्ही कमी लिहिली. तथापि व्हँकूव्हरच्या डोन आणि सहकाऱ्यांनी कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेसाठी केलेल्या आढाव्याच्या २०१४ च्या आवृत्तीत चार चाचण्यांमधली मुले, म्हणजे तपासणी झालेली ७५९ आणि न झालेली ८२९, एकत्र पाहिली तेव्हा चित्र बरेच फिके पडले. प्रतिजैविकांचा वापर कमी होण्याकडे कल दिसला, पण तो योगायोग नाही असे म्हणण्याइतका ठाम नव्हता. विभागातला वेळ वाचला नाही, रक्त-लघवीच्या तपासण्याही कमी झाल्या नाहीत. छातीचे एक्स-रे मात्र जवळपास चतुर्थांशाने घटले.

त्यानंतर तंत्रज्ञान खूप सुधारले, आणि खरी गंमत पुढेच आहे. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठ रुग्णालयात २०१९-२० मध्ये ताप किंवा श्वसनाची लक्षणे असलेल्या १२४३ मुलांवर चाचणी झाली. एका गटाची १८ विषाणू-जिवाणूंची तपासणी तातडीच्या विभागातच केली गेली. प्रतिजैविक मिळालेल्या मुलांचे प्रमाण तपासणीच्या गटात २७.३ टक्के आणि दुसऱ्या गटात २८.५ टक्के निघाले, म्हणजे फरक नाहीच. कोलोराडोच्या बालरुग्णालयातल्या ९०८ मुलांच्या चाचणीत तर, जी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, ज्या गटाचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवले गेले त्या गटाला प्रतिजैविके उलट थोडी जास्तच मिळाली.

माझे मत असे की स्वॅब घेण्याआधी 'हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर मी काय वेगळे करीन आणि निगेटिव्ह आला तर काय वेगळे करीन' या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरकडे तयार असले पाहिजे. दोन्ही उत्तरे सारखीच असतील, तर बाळाच्या नाकात काडी घालण्याचे कारण उरत नाही. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही ब्राँकिओलायटिसचे, म्हणजे तान्ह्या बाळांच्या बारीक श्वासनळ्यांना विषाणूमुळे येणाऱ्या सुजेचे, निदान विचारपूस आणि शारीरिक तपासणी यांवरच करावे, नेहमीचा भाग म्हणून एक्स-रे किंवा प्रयोगशाळेच्या तपासण्या करू नयेत, असेच सांगतात. मात्र ज्यांच्यात ही उत्तरे खरोखर वेगळी असतात असेही काही गट आहेत. त्यांच्याविषयी चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

प्राजक्ता_न

डॉक्टर, लेख आवडला. पण पालकाच्या बाजूने एक तक्रार मांडते. माझ्या दहा महिन्यांच्या मुलाला ताप आणि घरघर होती म्हणून आम्ही त्याला रात्री एका खासगी रुग्णालयात नेले. तिथे आधी फ्लूची पट्टी झाली, ती निगेटिव्ह आली. मग मोठे पॅनेल झाले, त्यात ऱ्हायनोव्हायरस निघाला. त्यानंतर 'हा साधा सर्दीचा विषाणू आहे, काळजी नको' असे सांगून प्रतिजैविकाचे औषधही लिहून दिले गेले. साधाच विषाणू होता तर प्रतिजैविक कशासाठी, आणि प्रतिजैविक द्यायचेच होते तर पॅनेल कशासाठी, हे मी विचारले. समाधानकारक उत्तर मिळाले नाही. पैशांपेक्षा मला याचे अधिक वाईट वाटले की त्या रिपोर्टचा अर्थ आम्हाला कोणीच समजावून सांगितला नाही.

रातपाळी

प्राजक्ताताई, आपला प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. विशिष्ट बाळाविषयी इथून काही बोलणे योग्य नाही, पण ऱ्हायनोव्हायरसच्या रिपोर्टविषयी बोलता येईल. अमेरिकेतल्या युटा राज्यात २६ कुटुंबांतल्या १०८ माणसांच्या नाकातले नमुने वर्षभर दर आठवड्याला घेतले गेले. पाच वर्षांखालच्या मुलांच्या नाकात वर्षातल्या निम्म्या आठवड्यांमध्ये कोणता ना कोणता विषाणू सापडला, आणि विषाणू सापडण्याच्या सगळ्या प्रसंगांपैकी केवळ ५६ टक्के प्रसंगांत त्या माणसाला काही लक्षणे होती. त्यांत ऱ्हायनोव्हायरसचा वाटा मोठा होता. याचा अर्थ, पाळणाघरात जाणाऱ्या किंवा शाळकरी भावंड असलेल्या बाळाच्या नाकात ऱ्हायनोव्हायरस सापडणे हा आजच्या तापाचा पुरावा असेलच असे नाही. तो मागच्या पंधरवड्यातल्या सर्दीचा अवशेषही असू शकतो. आरएसव्ही, फ्लू किंवा एचएमपीव्ही यांचे तसे नाही. आजारी बाळात ते सापडले तर बहुतेक वेळा तेच आजाराचे कारण असते. त्यामुळे पॅनेलवरच्या सगळ्या नावांना सारखे वजन देता येत नाही, आणि रिपोर्टवर मात्र ती सगळी एकाच ठशात छापलेली असतात.

शून्य_परिकल्पना

व्यवसायाने संख्याशास्त्राशी संबंध असल्यामुळे पट्टीच्या तपासणीविषयी थोडे आकडे मांडतो. फ्लूच्या पट्ट्यांवरील १५९ अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांमध्ये या पट्टीची पकड सुमारे ६७ टक्के आढळली, म्हणजे खरोखर फ्लू असलेल्या शंभर मुलांपैकी ३३ जणांना ती निगेटिव्ह दाखवते. फ्लू नसलेल्यांना निगेटिव्ह म्हणण्यात ती ९८ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर असते.

आता भर पावसाळ्यात पुण्यातल्या एखाद्या तातडीच्या विभागात ताप-खोकल्याची शंभर मुले आली आणि त्यांतल्या तिसांना फ्लू आहे असे धरू. पट्टी वीस जणांना पकडेल, दहा जण निसटतील आणि उरलेल्या सत्तरांपैकी फार तर एखाद्याला ती खोटे पॉझिटिव्ह म्हणेल. पॉझिटिव्ह उत्तरावर त्यामुळे डोळे मिटून विश्वास ठेवायला हरकत नाही; निगेटिव्ह उत्तर मिळालेल्या एकोणऐंशी मुलांपैकी दहांना मात्र फ्लू असतोच. उलट एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा हजार मुलांत जेमतेम वीस जणांना फ्लू असेल, तेव्हा पट्टी तेरांना पकडेल आणि सतरा-अठरा निरोगी, निदान फ्लू नसलेल्या, मुलांना पॉझिटिव्ह ठरवेल. निम्म्याहून अधिक पॉझिटिव्ह रिपोर्ट खोटे! पट्टी तीच, हात तोच, केवळ महिना बदलला. म्हणून शहरात सध्या काय फिरते आहे याची माहिती नसताना अशी तपासणी करणे मला निरर्थक वाटते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये या पट्ट्यांसाठी किमान ८० टक्के पकडीची अट घातली, त्यामुळे तिथल्या जुन्या पट्ट्या बाजारातून गेल्या. कार्ट्रिजवरच्या जनुकीय तपासण्यांची पकड ९० टक्क्यांच्या वर आहे. आपल्याकडे खरेदी करताना किटच्या आतल्या घडीपत्रकावर हा आकडा कशाच्या तुलनेत काढला आहे तेवढे अवश्य पाहावे.

स्लाइडवाली

शून्य यांनी मांडलेले आकडे नमुना नीट घेतला गेला असेल तेव्हाचे आहेत, आणि तिथेच सगळे घोडे पेंड खाते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझ्याकडे येणारे कितीतरी स्वॅब नाकपुडीच्या तोंडाशी फिरवून आणलेले असतात. नाकाच्या मागच्या घशापर्यंतचा नमुना हवा असेल तर नाकपुडीपासून कानाच्या छिद्रापर्यंतचे अंतर आधी डोळ्यांनी मोजावे. काडी कपाळाच्या दिशेने वर न नेता टाळूला समांतर, सरळ मागे न्यावी आणि अडथळा लागला की तिथे काही क्षण थांबून हलकेच फिरवावी. आईच्या मांडीवर मूल बसवून, एका हाताने त्याचे कपाळ तिच्या छातीशी टेकवून धरले की हे काम चटकन होते. दोघांनी हातपाय दाबून धरलेल्या मुलाचा नमुना बहुधा वाया जातो. नाक शेंबडाने भरलेले असेल तर तो आधी पुसून घ्यावा. काही किटमध्ये नाकपुडीतला उथळ नमुनाच अपेक्षित असतो, तेव्हा किटसोबतचा कागद वाचल्याशिवाय काडी उघडू नये.

पट्टी वाचण्याविषयीही सांगते. 'सी'ची, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी, रेघ उमटलीच नाही तर ती तपासणी झालीच नाही असे समजायचे, निगेटिव्ह समजायचे नाही. उत्तर पंधरा मिनिटांनी वाचायचे असेल तर ते पंधरा मिनिटांनीच वाचावे. रात्रीच्या गर्दीत पट्टी ट्रेमध्ये राहून जाते आणि तासाभराने कोणीतरी त्यावर पुसटशी 'टी', म्हणजे विषाणू सापडल्याची, रेघ पाहून फ्लू जाहीर करतो. वाळताना उमटलेल्या रेघेला काही अर्थ नसतो. दुसऱ्या टोकाला, ठरलेल्या वेळेत उमटलेली रेघ कितीही फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच असते, तिला 'अगदी थोडासा फ्लू' म्हणू नये.

आडगावचा_दवाखाना

तालुक्याच्या गावी सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो. माझ्याकडे ना कार्ट्रिजचे यंत्र, ना पॅनेल. पट्टीची किट औषधविक्रेता आणून देईल. वरची चर्चा वाचून मला दोन गोष्टी मांडाव्याशा वाटतात.

पहिली अशी की आमच्याकडे मूल येते ते 'पोट उडतंय' किंवा 'डबा झालाय', म्हणजे धाप लागलीय, या तक्रारीने, आणि त्या वेळी विषाणूच्या नावापेक्षा घड्याळ अधिक उपयोगी पडते. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील तर ती धोक्याची खूण, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आमच्या आशाताईंनाही पाठ असतो. मूल शांत असताना, अंगावरचा कपडा वर करून, पूर्ण एक मिनिट मोजायचे. त्यात फासळ्यांखालची जागा आत ओढली जात असेल, दूध नेहमीच्या निम्म्याहून कमी झाले असेल, किंवा बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन खाली असेल, तर मी गाडी बोलावतो. पट्टी काय म्हणते याने त्यात काडीचाही फरक पडत नाही. मेळघाटातल्या गावांमध्ये आरएसव्हीचा मोठा अभ्यास झाला, त्यात घरी दगावलेल्या दोन वर्षांखालच्या बालकांमध्येही हा विषाणू शोधला गेला. अशा ठिकाणी प्रश्न निदानाचा कमी आणि वेळेवर ऑक्सिजनपर्यंत पोचण्याचा अधिक आहे.

दुसरी गोष्ट मात्र धागाकर्त्यांच्या मताविरुद्ध आहे. कोलोराडोचे डॉक्टर काय करतात ते मला ठाऊक नाही, पण माझ्यासमोर बसलेल्या आजीला 'हा विषाणूचा ताप आहे, अँटिबायोटिक नको' हे नुसते सांगण्यात आणि दोन रेघांची पट्टी दाखवून सांगण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पट्टी पाहिली की आजी मान डोलावते. नुसते सांगितले की ती शेजारच्या गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन टोचून आणते. चाचण्यांमध्ये हा परिणाम मोजला जातो का?

रातपाळी

डॉक्टर, आपला पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे आणि बर्मिंगहॅमच्या चाचणीत पॉझिटिव्ह मुलांच्या बाबतीत जे दिसले ते आपल्या अनुभवाशी जुळणारेच आहे. माझी अडचण निगेटिव्ह निघालेल्या मुलांची आहे. ज्या दिवशी आपण दहा पट्ट्या कराल त्या दिवशी तीन आज्या मान डोलावतील आणि सात आज्या म्हणतील, 'बघा, व्हायरस नाही निघाला, म्हणजे आता इंजेक्शन लागणारच.' त्या सातही मुलांना बहुधा दुसरा एखादा विषाणूच झालेला असतो, पण तो त्या पट्टीवर नसतो. कोलोराडोत प्रतिजैविके वाढली त्यामागे असेच काही असावे असा माझा अंदाज आहे, निव्वळ अंदाज. पट्टी हा युक्तिवादाचा आधार केला की ती निगेटिव्ह आल्यावर आपला युक्तिवादही तिच्याबरोबर जातो.

टेम्सकाठी

इंग्लंडमध्ये बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. इथल्या नाइस या, उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या सूचनांनुसार ब्राँकिओलायटिसचे निदान विषाणूच्या नावावर अवलंबून नसते आणि दाखल करायचे की नाही हेही श्वासाचा त्रास, दूध पिणे आणि ऑक्सिजन यांवरच ठरते. २०२१ च्या सुधारणेत सहा आठवड्यांवरच्या बाळासाठी ऑक्सिजनची मर्यादा ९० टक्के आणि त्याहून लहान किंवा मुळातच आजार असलेल्या बाळासाठी ९२ टक्के ठरवली गेली आहे.

तरीही हिवाळ्यात आमच्याकडे दाखल होणाऱ्या बाळांचे स्वॅब घेतले जातात, आणि त्याचे कारण खाटा. स्वतंत्र खोल्या मोजक्याच असतात. आरएसव्हीची चार बाळे एका कक्षात ठेवता येतात, पण त्यांच्यात फ्लूचे पाचवे बाळ ठेवले तर दोन दिवसांत सगळ्यांना दोन्ही आजार व्हायचे. रात्री दोन वाजता खाटांचे नियोजन करणारी व्यक्ती फोनवर मला बाळाचा ऑक्सिजन विचारत नाही, 'कोणता विषाणू?' एवढेच विचारते. या एका कामासाठी अर्ध्या तासात मिळणारा जनुकीय रिपोर्ट खरोखर उपयोगी पडतो. आरएसव्ही टेबलाच्या पृष्ठभागावर काही तास टिकतो आणि हातांवरून पसरतो, त्यामुळे रिपोर्ट काहीही येवो, हात धुण्यातून कोणाचीच सुटका नाही. सप्टेंबर २०२४ पासून इथे गर्भवतींना अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून आरएसव्हीची लस दिली जाते, म्हणून बाळाच्या विचारपुशीत आता आईने ती घेतली होती का हा प्रश्नही आला आहे.

खडीसाखर

म्हणजे प्रतिजैविके कमी होत नाहीत, वेळ वाचत नाही, आणि तरी रुग्णालये यंत्रे घेतच आहेत. यंत्र घेतले की त्याचे पैसे वसूल करावे लागतात, हे कारण कोणीच का लिहीत नाही?

रातपाळी

लिहितो. ते कारण आहेच, आणि पॅनेलच्या बाबतीत ते बरेच मोठे आहे. पण त्यामुळे खरोखर गरज असलेल्या मुलाची तपासणी टाळली जाऊ नये, म्हणून आता त्या गटांकडे वळतो.

पहिला गट फ्लूच्या ऋतूतल्या दोन वर्षांखालच्या मुलांचा आणि दमा, हृदयाचा जन्मजात दोष, मज्जासंस्थेचे आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्या मुलांचा. यांच्यासाठी ओसेल्टामिव्हिर हे औषध आहे आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर त्याचा उपयोग अधिक होतो. त्याच्याविषयी अवास्तव अपेक्षा मात्र नको. मुलांवरील चाचण्यांच्या २०१८ सालच्या एकत्रित विश्लेषणात आजाराचा काळ सरासरी १७.६ तासांनी घटला आणि कानाच्या संसर्गाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. उलट्यांचे प्रमाण वाढले. धडधाकट चार वर्षांच्या मुलासाठी हा सौदा मला फारसा आकर्षक वाटत नाही, सहा महिन्यांच्या हृदयरोगी बाळासाठी मात्र नक्कीच वाटतो. अशा बाळाची पट्टी निगेटिव्ह आली तरी, शून्य यांनी दाखवलेल्या हिशेबामुळेच, ऋतू आणि लक्षणे फ्लूची असतील तर औषध थांबवू नये. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीपासून आपल्या आरोग्य मंत्रालयाने केलेल्या अ, ब, क वर्गवारीतही तपासणी मुख्यतः गंभीर, दाखल करण्याजोग्या क वर्गासाठी आहे. ब वर्गातल्या जोखमीच्या रुग्णाला तपासणीशिवाय औषध सुरू करता येते. त्या वर्षी पुण्यात नायडू रुग्णालयासमोर लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना या वर्गवारीची गरज वेगळी सांगायला नको. ओसेल्टामिव्हिर २०१७ पासून 'एच-१' यादीत असल्यामुळे ते आता औषधाच्या दुकानांत मिळते, अर्थात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच.

दुसरा गट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे पॉझिटिव्ह रिपोर्टच घात करू शकतो. दोन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल तर लघवी, रक्त आणि काही वेळा पाठीच्या मणक्यातले पाणी तपासावे लागते, कारण या वयात गंभीर जिवाणूसंसर्ग बाहेरून दिसत नाही. साठ दिवसांपर्यंतच्या १२४८ तापकरी बाळांचा एक अमेरिकी अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आरएसव्ही पॉझिटिव्ह बाळांमध्ये गंभीर जिवाणूसंसर्गाचे प्रमाण ७ टक्के, तर निगेटिव्ह बाळांमध्ये १२.५ टक्के होते. धोका कमी झाला खरा, पण संपला नाही. आणि जो उरला त्यातला बहुतेक मूत्रमार्गाच्या संसर्गाचा होता, जो आरएसव्ही असलेल्या बाळांमध्येही ५.४ टक्के सापडला. म्हणून 'आरएसव्ही निघाला, आता लघवी कशाला' असे या वयात म्हणता येत नाही. तीन आठवड्यांखालच्या बाळात तर विषाणू सापडो वा न सापडो, सगळ्या तपासण्या करून बाळ दाखल करावे, असेच अमेरिकन अकादमीच्या २०२१ च्या सूचना सांगतात.

प्राजक्ता_न

लघवीचा नमुना एवढ्या लहान बाळाचा घेतात कसा? आमच्याकडे पिशवी चिकटवली होती आणि त्या रिपोर्टवरून पुन्हा वाद झाला होता.

स्लाइडवाली

चिकटवलेल्या पिशवीत त्वचेवरचे जिवाणू मिसळतात, त्यामुळे तिच्यातून केलेले कल्चर (जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) विश्वासार्ह नसते. पिशवीतली लघवी नुसत्या पट्टीवर स्वच्छ निघाली तर तेवढ्यापुरता दिलासा घेता येतो; कल्चरसाठी मात्र बारीक नळी घालून किंवा बाळ लघवी करताना मधल्या धारेतला नमुना झेलून घ्यावा लागतो. ओटीपोटावर थंड पाण्यात भिजवलेला बोळा गोलाकार फिरवला की पुष्कळ बाळे काही मिनिटांत लघवी करतात. नमुना झेलण्यासाठी बाटली उघडून तयार ठेवावी, कारण दुसरी संधी लवकर मिळत नाही. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी हा नमुना घेतला गेला पाहिजे, नाहीतर कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि सगळेच गोंधळात पडतात.

आडगावचा_दवाखाना

एक्स-रेविषयी विचारायचे राहिले. एक्स-रे कमी होणे हा एवढाच ठाम फायदा असेल, तर तो मिळवण्यासाठी पट्टीच हवी का? घरघर असलेल्या, पण दूध पिणाऱ्या आणि हसणाऱ्या बाळाचा एक्स-रे पट्टीशिवायही टाळता येतोच.

रातपाळी

टाळता येतो आणि टाळावाच. ब्राँकिओलायटिसमध्ये एक्स-रेवर ठिकठिकाणी धूसर पट्टे दिसतात, ते न्यूमोनियाचे समजले जातात आणि त्यातून प्रतिजैविक लिहिले जाते, ही साखळी सर्वज्ञात आहे. त्यातही न्यूमोनिया म्हणजे जिवाणूच, असे समीकरण मुलांमध्ये लागू होत नाही. अमेरिकेत एक्स-रेवर न्यूमोनिया सिद्ध झालेल्या, दाखल मुलांचा जो मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ६६ टक्के मुलांमध्ये विषाणू सापडले आणि जिवाणू अवघ्या ८ टक्क्यांत. जिवाणू शोधण्याच्या पद्धती तोकड्या आहेत हे लक्षात घेऊनही हे अंतर मोठे आहे. पट्टीमुळे एक्स-रे घटले ते माझ्या मते डॉक्टरला थांबायला एक निमित्त मिळाले म्हणून. ज्याला आपल्या तपासणीवर भरवसा आहे त्याला ते निमित्त लागत नाही. रात्री एकट्याने विभाग सांभाळणाऱ्या नवख्या निवासी डॉक्टरला मात्र ते लागते, हेही मी रोज पाहतो.

आडगावचा_दवाखाना

मग मी या पावसाळ्यापुरती फ्लूच्या पट्ट्यांची एकच पेटी मागवतो. दोन वर्षांखालची आणि दमा-हृदयरोगाची मुले, तीही ताप येऊन दोन दिवस व्हायच्या आत आलेली, एवढ्यांसाठीच. दोन महिन्यांखालच्या तापकरी बाळाला पट्टी न करताच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवीन आणि चिठ्ठीवर ताप कधी, किती मोजला ते लिहीन. पेटी फ्रिजमध्ये ठेवावी लागते का? आमच्याकडे वीज दुपारची जाते.

स्लाइडवाली

बहुतेक किट २ ते ३० अंश सेल्सियसपर्यंत चालतात, तेव्हा थंड, सावलीच्या कपाटात ठेवली तरी पुरे; पण मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. फ्रिजमधून काढली असेल तर पाकीट न फोडता ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पट्टीचे पाकीट उघडल्यावर लगेच वापरा, कारण दमट हवेत ती लवकर खराब होते. नव्या पेटीतली पहिली पट्टी सोबत आलेल्या नियंत्रण-नमुन्यावर, म्हणजे ज्याचे उत्तर आधीच ठाऊक असते अशा नमुन्यावर, तपासून पाहावी. तो पेटीत नसेल तर औषधविक्रेत्याकडे मागून घ्या.